मोठं पान, चुकीचा पत्ता

कावेरीकाठच्या तिरुवैयारुहून बोलतोय. त्यागराजांच्या या गावातून आज संगीतावर नाही, नकाशावाचनावर बोलणार आहे. नकाशा मात्र मेमरीचा.

आमच्या या तमिळनाडूत, आयआयटी मद्रासमध्ये, 'शक्ती' हा रिस्क-फाइव्ह प्रकारचा प्रोसेसर घडला. चिप हाती नसली, तरी क्यूईएमयू हा एम्युलेटर अशा प्रोसेसरची नक्कल लॅपटॉपवर चालवतो. त्याला जीडीबी हा डीबगर जोडला, की आत काय चाललंय ते दिसतं. डीबगर आभासी पत्ता विचारतो. एम्युलेटरनं पेज टेबल वाचून खरा पत्ता शोधायचा असतो.

'एसव्ही ३९' पद्धतीत पत्त्याचे ३९ बिट असतात. नऊ-नऊ बिटांचे तीन टप्पे आणि उरलेले १२ बिट म्हणजे ४ केबीच्या पानातलं अंतर. पण दुसऱ्याच टप्प्यावरच्या नोंदीत वाचण्याची किंवा चालवण्याची परवानगी दिसली, तर शोध तिथेच संपतो. ते पान २ एमबीचं. पहिल्या टप्प्यावर संपला, तर १ जीबीचं.

फौजेत चार आकडी ग्रिड रेफरन्स म्हणजे एक किलोमीटरचा चौकोन. तेवढ्यावर तोफ डागत नाहीत. चौकोनाच्या आत नेमकं कुठे, हेही लागतं. इथेही तसंच.

हेक्समधलं उदाहरण घ्या. आभासी ४०२००००० पासूनचं २ एमबीचं पान खऱ्या ८०६००००० वर बसवलंय. विचारला पत्ता ४०३४५६७८. पानातलं अंतर १४५६७८, म्हणून बरोबर उत्तर ८०७४५६७८. सवयीनं शेवटचे १२ बिटच जोडले, तर येतं ८०६००६७८. म्हणजे १३०० केबी दूर! आणि एररही येत नाही. डीबगर शांतपणे परकी मेमरी दाखवतो. तुम्ही तिथे व्हेरिएबल बदललंत, तर दुसऱ्याचाच डेटा बिघडतो आणि चूक तुम्ही भलतीकडेच शोधत बसता.

म्हणून चार गोष्टी पाळा.

एक, प्रत्येक टप्प्यावर शोध इथेच संपतो का ते तपासा. संपला, तर खालचे सगळे बिट मूळ पत्त्यातून घ्या.

दोन, मोठ्या पानाचा खरा पत्ता त्याच्या आकाराच्या पटीत नसेल, तर प्रोसेसर पेज फॉल्ट देतो. तिथे डीबगरनंही 'पत्ता नाही' असंच सांगावं.

तीन, डीबगरसाठी टेबल वाचताना 'वापरलं' किंवा 'बदललं' हे बिट लावू नका. टेहळणीत पावलांचे ठसे सोडत नाहीत.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. चाचणी पानाच्या सुरुवातीला घेऊ नका. पहिल्या ४ केबीत चुकीचा आणि बरोबर कोड एकच उत्तर देतो. दर ४ केबीला वेगळा आकडा लिहा, मधूनच वाचा आणि क्यूईएमयूच्या मॉनिटरमध्ये 'एक्सपी' या कमांडनं खरा पत्ता वाचून ताडून पाहा.

डीबगरवर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो, म्हणून आधी त्याचीच परीक्षा घ्या. जय हिंद!