गोळीचा हिशेब कोण देणार?



आम्ही गिरणीतली माणसं. आमच्या खात्यात कापडाला डाग पडला, तर त्या पाळीला मागावर कोण होतं हे लगेच काढतात आणि दंड पगारातून कापतात. पण सरकारी बंदुकीची गोळी भलत्याच्याच छातीत शिरली, तर ती कोणी झाडली, कोणाच्या हुकमाने, हे ठरायला वर्षंच्या वर्षं जातात!

१९५५ च्या नोव्हेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत मोरारजीभाईंच्या राज्यात मुंबईत गोळ्या सुटल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर जीव गेले. त्यांत घोषणा देणारे होते, तशी मोर्चाशी संबंध नसलेली माणसं होती, पोरंही होती. न्यायालयीन चौकशी मागितली, ती नाकारली. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ च्या जुलैत अर्थमंत्रिपद सोडलं, तेव्हा हे शल्य त्यांनी लोकसभेत बोलून दाखवलं.

हे घडतं कसं? १८९८ च्या इंग्रजी फौजदारी संहितेत १३२ वं कलम होतं. जमाव पांगवताना पोलिसाने केलेल्या कृत्यावर सरकारच्या परवानगीवाचून खटला नाही. स्वराज्यात १९७३ साली संहिता नवी आली, कलम तेच, आकडाही तोच. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिथे ते १५१ वं झालं. सरकारी नोकरावरच्या इतर खटल्यांत परवानगीला १२० दिवसांची मुदत घातली आहे, मुदत टळली की परवानगी मिळाली असं धरायचं. जमावावरच्या गोळीबाराच्या कलमात मात्र ही मुदत नाही. म्हणजे ज्याच्या पोलिसाने गोळी झाडली, त्याच्याच कनवटीला कुलपाची किल्ली!

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी १० माणसं मेली. टँकर पेटणार होते, असं सांगितलं गेलं. गुंडेवार आयोगाला ते पटलं नाही. गोळीबार असमर्थनीय ठरला. पण आयोग शिक्षा देत नाही, सरकारला नुसता अहवाल देतो. हुकूम देणाऱ्या फौजदाराला जन्मठेप झाली २००९ साली, बारा वर्षांनी, आणि पुढे हायकोर्टातून जामीनही. आपल्या जिल्ह्यातच बघा. २००१ च्या ऑक्टोबरात मालेगावात गोळीबार झाला. तिथली मागवाली माणसं आमच्याच धंद्यातली, घरची कर्ती माणसं त्यात गेली.

हवालदाराशी आमचं वैर नाही. त्याचं पोर आमच्याच चाळीत वाढतं. गर्दीत, घाबरून, चूक झालीही असेल. पण ती चूक की गुन्हा, हे कोर्टाने ठरवावं, त्याच्या साहेबाने नव्हे. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली चकमकीतल्या मृत्यूंसाठी सांगितलं की गुन्हा नोंदवा, तपास दुसऱ्या ठाण्याकडे किंवा सी.आय.डी.कडे द्या. जमावावरच्या गोळीलाही तोच नियम पाहिजे. १५१ व्या कलमात १२० दिवसांची मुदत पाहिजे. आणि कोणत्या बंदुकीतून किती गोळ्या गेल्या, त्याचा कागद मेलेल्याच्या घरच्यांच्या हाती त्याच आठवड्यात पडला पाहिजे.