जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी

आजचा विषय बऱ्याच घरांत कपाटावर धूळ खात पडलाय: जुना लॅपटॉप.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ टाकायला जावं, तर ते म्हणतं हा पीसी चालणार नाही. मग कुणीतरी सांगतं, "नवीनच घे ना." थांबा जरा. 'लॅपटॉप हळू आहे' आणि 'विंडोज ११ नको म्हणतंय' ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आधी हळूपणा. २०१५-१६ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५४०० फेरे मारणारी हार्ड डिस्क असते. सिस्टिमला एकदम शेकडो छोट्या फायली हव्या असतात आणि डिस्कचं हेड इकडून तिकडे पळत बसतं. टास्क मॅनेजर उघडा. डिस्क सतत १०० टक्के दिसतेय? मग उगाच प्रोसेसरला दोष देऊ नका. एसएसडी बसवा, रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. फक्त रॅम बदलता येते का, ते मॉडेल नंबरवरून आधी बघा. काहींमध्ये ती बोर्डलाच चिकटवलेली असते.

आता नकाराचं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. त्यामुळे होतं काय, सहाव्या पिढीचा आय-७, सोबत १६ जीबी रॅम, तरी बाहेर. आणि ४ जीबीवाला नवा सेलेरॉन आत! म्हणजे हा नकार वेगाचा नाहीच.

रूफससारखं टूल वापरून ही तपासणी चुकवता येते. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि २४एच२ पासून पॉपकाउंट नावाची सूचना न समजणारे प्रोसेसर, म्हणजे कोअर २ ड्युओच्या काळातले, सुरूच होत नाहीत. तिथे जुगाड संपतो.

मग? लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. किमान २ जीबी रॅम लागते, ४ असली तर बरं. पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघा, इन्स्टॉल न करता. वायफाय, आवाज, कॅमेरा तपासा. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच. ब्राउझर, पायथन, लिबरऑफिस मस्त चालतं. पण घरात टॅली वापरत असतील, तर विंडोजच ठेवा, आणि इन्स्टॉल करण्याआधी फोटोंचा बॅकअप घ्या म्हणजे घ्याच.

एक गोष्ट मात्र पक्की. ज्या मशीनवर आई-बाबा बँकेचं खातं उघडतात, ते सुरक्षा अपडेटशिवाय वापरू नका. वय चालेल, उघडं दार नाही चालणार. आणि धाकट्या भावंडाला कोडिंग शिकायचंय, पण नव्या लॅपटॉपला पैसे नाहीत? मग ते कपाटावरचं मशीन खाली काढा.

भेटू पुढच्या भागात!