फुटाला किती सूत?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, पंचावन्न वर्षांचा माणूस रेडिओवर येऊन छोट्या शर्यतीच्या गाड्यांविषयी बोलू लागला, तर ऐकणाऱ्याला हसू येणारच. आमच्या घरातही येतं. पण अशा गाड्या जमवणारे, जोडणारे, रंगवणारे लोक आपल्या वऱ्हाडात वाटतात तितके कमी नाहीत. कुणी बँकेत आहे, कुणाचं औषधांचं दुकान आहे. आणि यातला प्रत्येक जण सुरुवातीला एकाच ठिकाणी अडतो. गाड्या कोणत्या मापाच्या घ्यायच्या?

खोक्यावर आकडे छापलेले असतात. १:६४, १:४३, १:२४, १:१८. अर्थ अगदी सोपा आहे. खऱ्या गाडीचे त्रेचाळीस सेंटिमीटर म्हणजे नमुन्याचा एक सेंटिमीटर. आकडा मोठा तितकी गाडी लहान; नवख्या माणसाची पहिली गल्लत इथेच होते. अलीकडची फॉर्म्युला वनची एखादी गाडी साडेपाच मीटर लांब धरली, तर ती १:६४ मध्ये साडेआठ सेंटिमीटरची होते, म्हणजे तळहातावर मावते. १:४३ मध्ये जवळजवळ तेरा सेंटिमीटर, १:२४ मध्ये तेवीस आणि १:१८ मध्ये तब्बल तीस. शाळेची पट्टी डोळ्यांसमोर आणा.

आता एवढ्या वर्षांनी हा प्रश्न माझ्यापुढे नव्याने आला, त्याला कारण आहे. अकोल्यातलं आमचं वडिलोपार्जित घर भावाभावांच्या वाटणीत विकलं गेलं. मी अमरावतीला मुलीच्या शेजारी दोन खोल्यांत राहायला आलो. अकोल्यात माडीवर तीन भिंती माझ्या होत्या, त्यांवर चारही मापांच्या गाड्या गुण्यागोविंदाने नांदत होत्या. इथे मुलीने सामान लावता लावता सांगितलं, "अब्बू, पुस्तकं कुठंही ठेवू आपण. पण गाड्यांना एक कपाट. एकच."

कपाट चार फूट रुंद, आठ इंच खोल, पाच खणांचं. मी टेप घेऊन बसलो. १:४३ ची गाडी पाच सेंटिमीटरहून कमी रुंद. नाक पुढे करून उभी केली, तर एका खणात आरामात पंधरा. म्हणजे कपाटात पंचाहत्तर. १:१८ ची गाडी मात्र कपाटाच्या खोलीत मावतच नाही. ती आडवी ठेवावी लागते आणि मग खणात तीनच बसतात. कपाटात पंधरा. गाडीची लांबी अडीचपटही वाढत नाही, पण जागा पाचपट लागते. जी माणसं सुरुवातीला "मोठी छान दिसते" म्हणून १:१८ घेतात, त्यांना हा हिशेब दुकानदार सांगत नाही.

ही मापं आली कुठून, याचीही गंमत आहे. ती कुणी शहाण्या समितीने बसून ठरवलेली नाहीत. १:४३ आलं आगगाडीतून. इंग्लंडमध्ये हॉर्नबीच्या खेळण्यातल्या रेल्वेत खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर धरत. त्या स्टेशनाबाहेर उभ्या करायला १९३० च्या दशकात डिंकी नावाच्या छोट्या मोटारी निघाल्या आणि ते माप मोटारींना चिकटलं. एका बाजूला फूट, दुसऱ्या बाजूला मिलिमीटर, अशी ती खिचडी आहे. (आमची मूर्तिजापूर-अचलपूर शकुंतला अडीच फुटांच्या रुळावर धावायची. या हिशेबाने तिचा रूळ साडेसतरा मिलिमीटरचा होईल. पण तो मोह मी आवरला आहे.) १९५३ मधल्या मॅचबॉक्स गाड्यांची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. त्या बनवणाऱ्याच्या मुलीच्या शाळेत आगपेटीत मावेल एवढंच खेळणं नेण्याची परवानगी होती. तेव्हा माप ठरवलं आगपेटीने! आणि जपानच्या तामिया कंपनीने साठीच्या सुरुवातीला रणगाड्याचा संच केला, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या बसायला हव्यात म्हणून रणगाडा जेवढा झाला तेवढा झाला. नंतर मोजलं तर तो १:३५ च्या जवळपास भरला. आज जगभरात लष्करी वाहनांचे संच त्या मापात निघतात.

आगपेटीवरून आठवलं. स्वस्तातल्या छोट्या गाड्यांवर १:६४ लिहिलेलं असलं, तरी त्यातल्या पुष्कळशा गाड्या खोक्याच्या मापाच्या असतात. ट्रक असो, अॅम्बेसेडर असो की फॉर्म्युला वन, सगळ्यांची लांबी सात-साडेसात सेंटिमीटर. पोरांनी खेळायला उत्तम. पण शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, तर त्या खोटं बोलतात. आपली मारुती ८०० होती ३ मीटर ३३ सेंटिमीटर. शर्यतीची गाडी तिच्यापेक्षा दोन मीटर लांब असते, हे किती जणांना ठाऊक आहे? टीव्हीवर ती इवलीशी वाटते, कारण शेजारी मारुती नसते. दोन्ही १:४३ मध्ये शेजारी ठेवा. एक पावणेआठ सेंटिमीटरची आणि दुसरी तेरा. मी पहिल्यांदा ठेवल्या तेव्हा कितीतरी वेळ पाहत बसलो होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की माप निवडताना आपण गाडीचा आकार निवडत नसतो. आपल्याला काय पाहायचं आहे, ते निवडत असतो. एकच गाडी डोळे भरून पाहायची असेल, तिचं इंजिन, तिच्या नळ्या, चालकाचा पट्टा, स्टिअरिंगवरची बटणं, तर १:१८ ला पर्याय नाही. पण गाड्यांचं आपसातलं नातं पाहायचं असेल, तर लहान माप घ्यावं आणि एकच घ्यावं. फॉर्म्युला वनच्या गाड्यांची रुंदी २०१६ पर्यंत १.८ मीटर होती, २०१७ पासून ती दोन मीटर झाली, आणि २०२६ च्या नियमांनी १.९ वर आणली. हे वाचून विसरायला होतं. १:४३ मध्ये २०१६ ची आणि २०१७ ची गाडी शेजारी ठेवली, की साडेचार मिलिमीटरांचा फरक दिसतो आणि मग विसरता येत नाही. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. त्याची जॉर्डनची पिवळी गाडी माझ्याकडे १:४३ मध्ये आहे. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या गाड्यांच्या रांगेत ती उभी असते, तेव्हाच तिला अर्थ असतो.

पुण्याला गेलात तर कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय जरूर पाहा. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. तिथे रूळ, डबे, घरं, रस्ते, माणसं सगळं एका मापात, १:८७ मध्ये आहे. पाच मिनिटांत पाहणारा विसरतो की हे लहान आहे. एखादी गाडी जरी भलत्या मापाची ठेवली असती, तरी सगळं गाव खेळण्यातलं झालं असतं.

गाडी कपाटात मावते, रस्ता मात्र मावत नाही, तेही सांगून टाकतो. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ या तीन वर्षी फॉर्म्युला वनची शर्यत झाली, ते ५.१२५ किलोमीटर लांब आहे. १:६४ मध्येसुद्धा त्याला ऐंशी मीटर लागतात. माझ्या नातवाने गच्चीवर खडूने ते काढायला घेतलं होतं. पहिल्या वळणापाशीच खडू संपला.

जमवणं वेगळं आणि बांधणं वेगळं. बांधणाऱ्याचं माप हात आणि डोळे ठरवतात. १:४३ चे संच मी चाळिशीपर्यंत जोडले. त्यातले पातळ पत्र्याचे भाग चिमट्याने उचलावे लागतात. आता तोच भाग मला चष्म्यातून एक आणि चष्म्याबाहेरून दोन दिसतो. शिवाय अकोल्याचा उन्हाळा. मे महिन्यात कूलर लावला की आरसे टेबलावरून उडून जातात, कूलर बंद केला की माणूस उडून जातो. रंग ब्रशातच वाळतो. म्हणून आमच्याकडे हे काम दिवाळी ते होळी एवढंच.

लहान मापाची आणखी एक खुबी आहे. ती मला कवितेमुळे लवकर कळली असावी. लहान करणं म्हणजे सगळं त्याच प्रमाणात आक्रसणं नव्हे. पुष्कळसं गाळावं लागतं. खऱ्या गाडीवर रंगाचा थर साधारण एक दशांश मिलिमीटर असतो. तेवढाच जाड थर १:४३ च्या गाडीवर दिलात, तर खऱ्या गाडीवर चार मिलिमीटर जाडीचा लेप दिल्यासारखं होईल. दाराच्या फटी बुजतील, अक्षरं बुडतील. बोल्ट तर करूच नयेत. केले तर नारळाएवढे दिसतात. अनुभवी कारागीर तिथे बोल्टची फक्त सावली रंगवतो.

हे सगळं मी धामणगाव रेल्वेकडच्या एका सुतारमिस्त्रींना सांगत होतो. त्यांच्याकडे गेलो होतो वेगळ्याच कामासाठी. मोटारींच्या शर्यती परदेशातल्या. आपली शर्यत म्हणजे शंकरपट. तळेगाव दशासरच्या पटाचं नाव वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे कायदे ग्राह्य धरले. मधल्या सात-साडेसात वर्षांत पटाचे छकडे कोठ्यांत पडून राहिले, काही सरपणात गेले. फेरारीचा नमुना जगात कुठेही मिळतो. पटाच्या छकड्याचा, मोजून मापून केलेला, मी तरी कुठे पाहिलेला नाही. तो मला करून हवा होता.

मिस्त्रींनी माझं १:४३, १:२४ शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "इतका जीव कायले आटवता भाऊ? फुटाले किती सूत, थे सांगा. बाकी मी पायतो."

श्रोतेहो, मी घरी येऊन हिशेब केला आणि चाटच पडलो. आपला सुतार इंचाचे आठ सूत करतो. फुटाला आठ सूत धरले की १:१२. चार सूत, १:२४. तीन सूत, बरोबर १:३२. दोन सूत, १:४८. दीड सूत, १:६४! जगातली अर्धीअधिक मापं आमच्या मिस्त्रींच्या टेपवर आधीपासून होती. बसत नाही ते १:१८, आणि ते खिचडीवालं १:४३. त्याला सव्वादोन सुतालाही किंचित कमी धरावं लागतं.

माझी इच्छा अर्थातच १:४३ ची होती. फॉर्म्युला वनच्या रांगेच्या टोकाला आपला छकडा, त्याच मापात. आम्ही एका जुन्या छकड्याचं चाक मोजलं. तीन फूट. आरा दीड इंच जाड. १:४३ मध्ये तो आरा एक मिलिमीटरपेक्षाही बारीक होतो. मिस्त्रींनी सागवानाची तशी काडी काढून दाखवली. ती बोटांत धरताच मोडली. दुसरी पाहता पाहता माझ्या डोळ्यांपुढून हरवली. चार सुतांच्या हिशेबाने तोच आरा अर्ध्या सुताचा होतो आणि बांबूचा केला तर टिकतो. फुटाला चार सूत ठरले.

मग कपाटाचं काय? चार खण १:४३ ला दिले. मोठ्या १:१८ च्या गाड्या भाच्यांना वाटून टाकल्या. एक लाल फेरारी तेवढी उर्दू शब्दकोशाशेजारी ठेवली आहे आणि मुलीने अजून ती पाहिलेली नाही. १:६४ च्या नातवाच्या ताब्यात गेल्या आणि अमरावतीच्या गच्चीवर त्यांचा रंग उडतो आहे, हे योग्यच आहे. पाचवा खण १:२४ चा. त्यात मझदा ७८७बी आहे, १९९१ ची ल मांसची चोवीस तासांची शर्यत जिंकणारी, मी पाच हिवाळ्यांपूर्वी जोडलेली. ती आठ इंचांना किंचित कमी भरते. बैलजोडीसकट छकडा आम्ही मोजला तो पंधरा फुटांच्या आसपास, म्हणजे साडेसात इंच. दोन्ही जवळजवळ सारख्याच लांबीच्या आहेत, हे मला एवढ्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

छकडा तयार आहे. बैल बाकी आहेत. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल मिस्त्री दरवर्षी करतात, बोटाएवढ्यापासून मांडीएवढ्यापर्यंत. पण ते सगळे चाकांच्या पाटावर चारी पाय रोवून उभे असतात. पटातला बैल उभा कसा चालेल? मिस्त्रींनी एकच अट घातली आहे. पळताना कोणता पाय कधी उचलला जातो, ते त्यांना जवळून पाहायचं आहे. जानेवारीत आम्ही दोघं तळेगावला जाणार आहोत. धुरकऱ्याकडे बघायचं नाही, घड्याळाकडे बघायचं नाही, फक्त खुरांकडे बघायचं, असं त्यांनी मला आत्तापासून बजावून ठेवलं आहे.