रिकाम्या खिशाचा नागरिक



एखादे शहर विद्यार्थ्यांचे आहे की नाही, हे तेथील महाविद्यालये मोजून ठरवण्याची रीत आहे. नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरे त्या कसोटीला सहज उतरतात. परंतु मुखेड, देगलूर, किनवटकडून नांदेडला किंवा निलंगा, अहमदपूर, औशाकडून लातूरला आलेल्या मुलाची कसोटी निराळी असते. खोलीचे भाडे, खाणावळ आणि शिकवणीचे पैसे भागवल्यानंतर त्याच्या खिशात काही उरत नाही. उरतो तो वेळ. संध्याकाळचे दोन तास, रविवारची दुपार, निकालाची वाट पाहण्याचे दिवस. हा वेळ दाम न मोजता कोठे घालवावा, हा प्रश्न राजकीय कार्यकर्त्यांना बहुधा क्षुल्लक वाटतो. तरुण माणूस अनोळखी माणसांत मिसळतो, वाद घालतो, आपल्या जातीबाहेरचा मित्र जोडतो, ते मात्र याच वेळात.

आरंभ पोटापासूनच करावा लागेल. खाणावळीला रविवारी संध्याकाळी सुट्टी असते, हे विद्यार्थिदशा परगावी काढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नांदेडच्या विद्यार्थ्याला त्या संध्याकाळी उपाशी झोपण्याचे कारण नाही. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जेथे देह ठेवला, तेथे महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत, सचखंड श्री हुजूर साहिबची वास्तू उभी राहिली. तेथील लंगरात कोणी गाव विचारत नाही, जात विचारत नाही, धर्मही विचारत नाही. डोके झाकावे, पादत्राणे बाहेर ठेवावीत, हात धुऊन पंगतीत बसावे आणि रोटी दोन्ही हात पसरून घ्यावी. हे अन्नछत्र आहे असे समजून काही मुले संकोचाने मागच्या मागे राहतात. तो संकोच अनाठायी आहे. मोटारीतून आलेला व्यापारीही त्याच जमिनीवर, त्याच रांगेत बसलेला असतो. आणि जेवून उठलेल्या कोणालाही कणीक मळायला, भांडी घासायला बसता येते. ज्या मुलाजवळ पैसे नाहीत त्याच्याजवळ हात असतात, आणि येथे ते पुरतात. ज्या मराठवाड्यात पंगतीतली जागा पिढ्यान्पिढ्या जातीने ठरवली, त्याच मराठवाड्यात ही पंगत रोज बसते, ही गोष्ट तिच्या नेहमीच्या परिचयामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

लातूरला असा लंगर नाही, तेथे एस.टी. आहे. सकाळच्या गाडीने खेड्यातून निघालेले डबे बसस्थानकावर उतरतात आणि मुले आपापला डबा ओळखून घेऊन जातात. फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी, पिठले, ठेचा. कधी तळाशी घडी घातलेली नोट. गावाहून रोज येणाऱ्या मुलाला मासिक पासात दोन-तृतीयांश सवलत मिळते. सार्वजनिक वाहतूक तोट्यात का चालते असे विचारणाऱ्या अर्थपंडितांनी एकदा सकाळी या बसस्थानकावर उभे राहावे.

पायी फिरण्याला अजून कर बसलेला नाही. नांदेडला गोदावरी आहे. नगीना घाट, गोवर्धन घाट येथे संध्याकाळी पायऱ्यांवर बसले की अर्धे शहर डोळ्यांखालून जाते. पाण्यात शहराचे सांडपाणी येते हेही तेथेच दिसते, आणि नागरिकशास्त्राचा तोही एक धडाच आहे. लातूर शहराला नदी नाही, पण गंजगोलाई आहे. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी १९१७ साली तिची आखणी केली. मधोमध जगदंबेचे मंदिर, भोवती वर्तुळाकार बाजार आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. कोठे सोने, कोठे गूळ, कोठे मिरची, कोठे चपला. या सोळा रस्त्यांवरून एक फेरी मारली तर शेतमालाचा भाव आणि शहरी मालाचा भाव यांतील अंतर अर्थशास्त्राच्या पुस्तकाविना कळते. थोडे एस.टी.चे भाडे जमले तर औसा तालुक्यातील खरोसा येथे जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. नांदेडकरांना कंधारचा किल्ला आहे. या स्थळांचे वर्णन येथे करीत बसण्याचे कारण नाही. ती जाऊन पाहावीत.

मात्र जे फुकट होते ते एकेक विकत होत चालले आहे, हेही सांगितले पाहिजे. पाण्याचेच घ्या. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू झाली. गाडी आली आणि गेली, पण पिण्याचे पाणी जारमधून विकत घेण्याची सवय खोल्याखोल्यांत पक्की झाली. दुसरे उदाहरण अभ्यासिकांचे. चार मुलांच्या खोलीत वाचता येत नाही म्हणून मुलगा महिन्याच्या भाड्याने एक खुर्ची घेतो. पुस्तक त्याचेच, वही त्याचीच; विकत मिळते ती शांतता. ‘लातूर पॅटर्न’ने ग्रामीण मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकीची दारे दाखवली, हे त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण त्या पॅटर्नभोवती जी बाजारपेठ वाढली तिने विद्यार्थ्याचा मोकळा वेळही वेळापत्रकात कोंबला.

वस्तुतः वाचनालय ही मराठवाड्याची जुनी शाळा आहे. निजामी राजवटीत गश्ती निशान ५३ ने सभांवर निर्बंध घातले, तेव्हा वाचनालये आणि शाळा यांच्याच आश्रयाने माणसे एकत्र येत. ती राजवट १९४८ साली संपली आणि १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. त्या महाविद्यालयाचे पुढे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर स्वतः हैदराबादला शिकत असताना इंटरला एकाहून अधिक वेळा नापास झाले होते. क्रमिक पुस्तकांबाहेरच्या वाचनाने त्यांना घडवले. १९८२ साली ते गेले. तोवर त्यांची व्याख्याने ऐकायला गावोगावची माणसे येत, आणि व्याख्यानाला तिकीट नसे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने वाचनालयांना अनुदान दिले, पण ग्रंथालय-कर बसवला नाही. त्यामुळे वाचनालय सरकारच्या हप्त्याकडे डोळे लावून बसते आणि पुस्तकखरेदी पुढच्या वर्षावर जाते. तरीही वृत्तपत्रांचे टेबल अजून बहुतेक ठिकाणी सर्वांना खुले आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलनाच्या मांडवात बसून ऐकणे ही चैन ज्वारीवाल्या शेतकऱ्याच्या मुलालाही परवडते.

येथवर ‘मुलगा’ हाच शब्द आला, आणि तो अपघाताने आलेला नाही. घाट, गोलाई, वृत्तपत्रांचे टेबल, रात्रीचे व्याख्यान या सगळ्या फुकट गोष्टी संध्याकाळनंतरच्या आहेत, आणि संध्याकाळी मुलींच्या वसतिगृहाचे फाटक बंद होते. त्याच गावाहून आलेली, तेवढेच गुण मिळवलेली मुलगी त्या दोन तासांत खोलीत असते. तिच्या दृष्टीने शहरात फुकट असे फारसे काही नाही. सुरक्षिततेचे कारण सांगितले जाते आणि ते खोटे नाही. पण घाटावर दिवे लावणे, वाचनालयाच्या रस्त्यावर रात्री नऊपर्यंत शहर बस चालवणे आणि मुलींसाठी स्वच्छतागृह बांधणे हे पालिकेच्या अंदाजपत्रकातील अगदी किरकोळ खर्च आहेत.

तेव्हा नांदेड आणि लातूरच्या कार्यकर्त्यांनी मोर्चाच्या आधी एक साधे काम करावे. आपल्या वॉर्डातील सार्वजनिक वाचनालय किती वाजता बंद होते ते पाहावे. सायंकाळी सातला बंद होत असेल तर ते दहापर्यंत उघडे ठेवण्याची मागणी लेखी द्यावी, आणि सेवकाच्या जादा वेतनाची तरतूद होईपर्यंत तीन तास बसण्याची पाळी आपसांत वाटून घ्यावी. पिण्याच्या पाण्याचा माठ रोज कोण भरणार, तेही त्याच बैठकीत ठरवावे.