प्रगतिपत्रकावरची सही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



कचारगडच्या परिसरात शाळेवर बोलायचे म्हणजे लिंगोची आठवण येणारच. इथल्या गुहेत कोंडलेल्या ३३ मुलांना बाहेर काढून पारी कुपार लिंगोने शिकवले, असे गोंडी परंपरा सांगते. माघ पौर्णिमेच्या जत्रेला दूरदूरचे लोक येतात ते याच श्रद्धेने. म्हणून आज शिक्षणातलाच एक प्रश्न मांडते. मूल काय शिकले, हे आईबापांना कसे कळावे?

आपल्या वेळी गुण आणि वर्गातला क्रमांक, एवढेच असे. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि पहिली ते आठवीच्या पत्रकात श्रेणी आल्या. ९१ ते १०० टक्के अ-१, ६१ ते ७० टक्के ब-२, अशा. क्रमांकाची धास्ती गेली, हे चांगलेच झाले. पण तिसरीतल्या दोन मुली घ्या. दोघींना गणितात ब-२. एकीला हातच्याची वजाबाकी जमत नाही. दुसरीला वजाबाकी येते, पण शाब्दिक उदाहरण वाचून उमगत नाही. अक्षर एकच, दुखणे वेगळे, औषधही वेगळे. आई मात्र दोन्ही घरी सारखीच सही करते, नाहीतर अंगठा देते.

याचे उत्तर छापलेले आहे. २०१७ साली एनसीईआरटीने इयत्तावार अध्ययन निष्पत्ती ठरवल्या. बालभारतीच्या पुस्तकांतही त्या असतात. तिसरीच्या मुलाला ९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, अशी ती वाक्ये. मी सॉफ्टवेअरच्या कामात आहे. आमच्याकडे काम ‘ब-२ झाले’ असे सांगून चालत नाही. ठरलेल्या यादीतले काय चालते, काय अडते, हे एकेक करून सांगावे लागते, तेव्हाच दुरुस्ती होते. मुलाबद्दल त्याहून कमी का सांगावे?

कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांचे एक कर्तव्य दिले आहे. पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती त्यांना सांगायची. म्हणजे नुसता कागद हाती देऊन भागत नाही. ‘आकारिक’, ‘संकलित’, ‘निष्पत्ती’ हे शब्द दरेकसा-सालेकसा भागातल्या किती घरांत कळतील? २०११ च्या जनगणनेत देशात जवळपास ३० लाख लोकांनी गोंडी ही आपली भाषा सांगितली. त्यांतली काही घरे आपल्याच शाळेची आहेत.

गुरुजी, बाई, आपल्यामागे नोंदवह्या आणि ऑनलाइन माहितीचा ढीग आहे, हे ठाऊक आहे. म्हणून नवा रकाना मागत नाही. प्रत्येक मुलामागे फक्त तीन वाक्ये मागते: काय येते, कुठे अडते, घरी काय करता येईल. तिसरे वाक्य असे हवे, की अक्षरओळख नसलेली आईसुद्धा ते करू शकेल. ‘बाजारात सुटे पैसे तिला मोजू द्या’, ‘रात्री तिच्याकडून एक गोष्ट वाचून घ्या’, असे. अडते ते चारचौघांत नव्हे, त्या आईबापांनाच सांगावे.

बाकीचे आपण माजी विद्यार्थी करू. ज्यांना गोंडी येते त्यांनी ही वाक्ये गोंडीत सांगावीत. ज्या घरी फोन आहे तिथे आवाजात पाठवू, नसेल तिथे सभेत समोर बसून सांगू. सभा संध्याकाळी ठेवावी. रोवणीच्या आणि मोहफुले वेचण्याच्या दिवसांत दुपारी बोलावले, तर मजुरी बुडवून कोण येईल?

सुरुवात तिसरीच्या एका वर्गापासून करू. आवाज नोंदवून घरोघरी पाठवण्याची सोय मी करते. निकालाच्या सभेला कोण कोण येणार, त्यांनी आज जेवायला बसण्याआधी आपली नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत.

जय सेवा!