बलुत्याचा दोर
(दौंड येथील सभेत केलेल्या भाषणातील काही भाग)



शिरूर तालुक्यातील एका कारखान्यात यंत्रात उजवा हात सापडून दोन बोटे गमावलेल्या एका तरुणाचे वकीलपत्र माझ्याकडे होते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने कमाईच्या हानीचे कोष्टकच आखून दिले होते : अंगठ्यास ३० टक्के, दोन बोटांस २० टक्के. कायद्याने बोटे मोजली. उरलेल्या हाताने काय करावे, हे त्या कोष्टकात नव्हते.

तो प्रश्न हाती घेणारे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार. माणसास अर्थपूर्ण वाटणाऱ्या कामातूनच दुबळ्या अवयवास व मनास पुन्हा चालना द्यावयाची, हे त्याचे तत्त्व होय. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याची शाळा काढली. शास्त्राविषयी माझी तक्रार नाही.

परंतु या तरुणाच्या हाती घायपाताचा वाख देऊन दोर वळण्यास सांगण्यात आले. त्याने साफ नकार दिला. ‘रुग्ण सहकार्य करीत नाही’ असा शेरा कागदावर उमटला, आणि विरुद्ध पक्षाच्या वकिलांनी तोच आमच्यापुढे नाचविला! तरुण दौंड तालुक्यातील मातंग घरातला. बापाने जन्मभर दोर वळले ते बलुत्यापोटी, सुगीत खळ्याच्या कडेला उभे राहून मिळणाऱ्या पसाभर धान्यासाठी. ज्या कामातून सुटण्यासाठी मुलगा कारखान्यात गेला, तेच काम औषध म्हणून त्याच्यापुढे आले. जन्माने लादलेल्या धंद्यात माणसाचे मन राहत नाही, ही मीमांसा बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिनिर्मूलना’त केली आहे.

त्याच्या आईला मी विचारले, “मावशी, दोर वळायला अंगठा लागतोच का?”

“वाख भिजवून घ्यावा, साहेब. पीळ तळहातानं मांडीवर द्यायचा. अंगठ्याचं काम मागनं.”

दुखऱ्या हाताला कोणते काम आधी द्यावे, हे त्या बाईस ठाऊक होते. तिला कोणी विचारले नव्हते. मीही फार उशिरा विचारले. हे ज्ञान तिच्या नावे नोंदले जावे, त्याचे मानधन तिला मिळावे. मात्र तिच्या मुलाने तेच काम केले पाहिजे, असे त्यातून निघत नाही. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचे स्वातंत्र्य प्रस्तावनेतच मान्य केले आहे.

मुलाला हवे होते मोटारसायकलचा ब्रेक दाबता येणे, कामावर जाण्यासाठी. तोच सराव पुढे सुरू झाला. आम्ही अर्ज दिला की, शेऱ्याखाली नकाराचे कारणही लिहावे. ते लिहिले गेले.