हाडांच्या इंजेक्शनाआधी दातांची तपासणी

स्तनाचा कॅन्सर हाडांत पसरला, की हाडं मोडू नयेत म्हणून झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅबची इंजेक्शनं देतात. ती गरजेचीच आहेत. पण क्वचित एखादीच्या जबड्याला त्यांचा त्रास होतो. दात काढल्यावर जखम आठ-आठ आठवडे भरत नाही, हिरडीतून हाड उघडं दिसतं. झोलेड्रोनिक ॲसिडसारख्या औषधांचा हा परिणाम २००३ साली ठळकपणे समोर आला.

म्हणून मायबहिणींनो, इंजेक्शन सुरू होण्याआधीच किडलेल्या दातांवर इलाज करून घ्या. त्यासाठी लोणीला प्रवरा संस्थेचं दंत महाविद्यालय आहे. पुढे दात दुखला, तर दंतवैद्यांना औषधांची फाईल आधी दाखवा. इंजेक्शन मात्र आपल्या मनानं बंद करू नका. बाजरीच्या भाकरीचा घास सुखानं चावता यावा, एवढ्यासाठी ही काळजी.